खूण मिळून आली नाही

चौतीस वर्षं मी दगड शोधायचा पगार घेतला. कागदावर हुद्दा भूकरमापक, गावात शिरलं की ‘मोजणीवाले साहेब’, आणि हद्द विरुद्ध गेली की त्याच तोंडांतून जे काही निघायचं ते इथं छापण्यासारखं नाही. काम सगळीकडे एकच. पिशवीत जुन्या टिपणाची नक्कल, मजुराच्या खांद्यावर साखळी, दोन झेंड्या, आणि पणजोबांच्या काळात कुणीतरी रोवलेला एक दगड. तो मिळाला की निम्मी मोजणी झाली. नाही मिळाला की दिवस गेला.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांसाठी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो. तिचं घर सॅन रमोनला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माउंट डियाब्लो दिसतो. उंची ३,८४९ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बराच ठेंगणा. पण आजूबाजूला तोडीचं काही नसल्यानं ऐसपैस बसलेला. कॅलिफोर्नियातला डोंगर म्हणजे सिनेमातल्यासारखी उंच सरळ झाडं, अशी माझी समजूत. ऑक्टोबरात पाहिलं तर पायथ्याचं सगळं गवत वाळून भाजलेल्या रव्याच्या रंगाचं झालेलं, आणि वरच्या अंगाला नुसतं झुडूप. मुलीला म्हटलं, “अगं, हा तर आपला माणदेश.” ती म्हणाली, “बाबा, कुठेही न्या तुम्हाला, माणदेशच दिसतो.”

खेळाची गोष्ट नातीनं काढली. वय अकरा. “आबा, संडेला आपण कॅश शोधायला जाऊ.” कॅश म्हटल्यावर मला रोकड आठवली. अमेरिकेत डोंगरावर पैसे सापडतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मग जावयानं समजावलं. जीपीएसच्या उपग्रहांच्या संदेशात अमेरिकन सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. ती २००० साली मे महिन्याच्या सुरुवातीला बंद झाली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राची शंभरेक मीटरची फसगत ठरलेली; ती एका रात्रीत कितीतरी कमी झाली. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं रानात एक बादली ठेवली. तीत वही-पेन्सिल, काही किरकोळ वस्तू आणि बीन्सचा एक डबा होता. जागेचे अक्षांश-रेखांश त्यानं इंटरनेटवर जाहीर केले. काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत लोक पोचलेसुद्धा. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत, आणि या उद्योगाला जिओकॅशिंग म्हणतात.

त्या मे महिन्यात मी काय करत होतो ते मला पक्कं आठवतं. एका माळावर प्लेन टेबल मांडून, कागदावर घाम पडू नये म्हणून मजुराला छत्री धरायला लावून, एका बांधावरून दोन भावांचं भांडण ऐकत होतो.

खेळाचे नियम मी नीट विचारून घेतले. सवय जात नाही. डबा जमिनीत पुरायचा नाही. वहीत सही केल्याशिवाय सापडला म्हणायचं नाही. आणि दोन डब्यांत किमान ५२८ फूट अंतर हवं. हा आकडा ऐकून मी कान टवकारले. आमची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तेहेतीस गुणिले तेहेतीस, एक गुंठा. चाळीस गुंठे, एक एकर. ५२८ फूट म्हणजे बरोबर सोळा साखळ्या. जावयाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “बाबा, ते मैलाचा दहावा भाग म्हणून आहे.” असेल. पण सोळा साखळ्याच झाल्या ना?

निघताना मुलीनं एका झुडपाचा फोटो दाखवून ताकीद दिली. पॉयझन ओक. एका देठाला तीन पानं, शरद ऋतूत लालभडक होतात, फोटो काढावासा वाटतो आणि हात लावला की अंगावर फोड उठतात. कुळ विचारलं. फोनमध्ये बघून ती म्हणाली, “काजूचं, आंब्याचं.” म्हणजे बिब्ब्याचंही. लहानपणी बिब्बा उतलेला माणूस मी पाहिलेला आहे. आठवडाभर तोंड भोपळ्यासारखं. तेव्हा शर्टाच्या बाह्या खाली ओढून, मनगटाशी बटणं लावून मी गाडीत बसलो. रखरखीत डोंगरावर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

डोंगराच्या उत्तर अंगानं चढलो. वाट सुरुवातीला रुंद, मग अरुंद, मग एका घळीला लागून. दोन्ही बाजूंना शमीज नावाचं झुडूप. सुयांसारखी बारीक पानं, वाळलेली फुलं गंजाच्या रंगाची. मधूनमधून मॅन्झनीटा. त्याचं खोड बघत राहावं असं: गुळगुळीत, थंड, काळसर तांबडं, जणू पिढ्यान् पिढ्या हात लागून झिजलेला जात्याचा खुंटा. या झुडपांत माणूस शिरूच शकत नाही. आपल्याकडची घाणेरी निदान कोयत्यानं तोडता येते. इथं संरक्षित उद्यान, पान तोडायची सोय नाही. वाटेत एक टॅरँटुला निवांत रस्ता ओलांडत होता. या दिवसांत नर मादीच्या शोधात बाहेर पडतात, असं नातीनं सांगितलं. तळहाताएवढा केसाळ कोळी. नात त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि मी, चौतीस वर्षं रानात काढलेला माणूस, चार पावलं मागे उभा.

फोनवर बाण आणि अंतर. साठ मीटर, चाळीस, पंधरा. नात बाणाकडे बघत चाललेली, पायाखाली लक्ष नाही. चार मीटरवर आल्यावर बाण गर्रकन फिरला आणि नऊ झाले. ती उलटी वळली, सहा. पुन्हा पुढं, अकरा. “आबा, हे वेडं झालंय.”

वेडं झालेलं नव्हतं. एका बाजूला घळीची उभी भिंत, त्यामुळे निम्मं आकाश झाकलेलं. जे उपग्रह दिसतात त्यांचे संदेशही कातळावर आपटून वळसा घेऊन येतात. यंत्र बिचारं वेळ मोजून अंतर काढतं. वळशाची वाट त्याला कशी कळणार? शिवाय डबा लपवणाऱ्यानं आकडे घेतले तेव्हा त्याच्याही यंत्राची अशीच गत झालेली असणार. दिलेले आकडे अक्षांश-रेखांशाच्या मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. उत्तर-दक्षिण दिशेला शेवटच्या घराचं मोल होतं पावणेदोन मीटरांहून थोडं जास्त, आणि त्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दीड मीटरला थोडं कमी. त्याच्या चार-पाच मीटरांत आपले चार-पाच मिसळले की एक खोलीभर जागा झाली.

“फोन खिशात टाक,” मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. तिच्या दृष्टीनं आता खेळ सुरू झाला होता आणि मी यंत्रच काढून घेत होतो. पण आमचं काम इथूनच सुरू व्हायचं. टिपणावरून साखळी टाकत जायचं, मोजमाप संपलं की खाली ठेवायची आणि उभं राहायचं. दगड रोवणारा माणूस कुठून आला असेल? दगड हातात घेऊन आला की इथलाच उचलला? तो दमलेला होता का? माणूस दमला की सोयीची जागा निवडतो, हे गोऱ्या साहेबाच्या सर्व्हेअरलाही लागू आणि डबा लपवणाऱ्यालाही. वाटेवरून येणाऱ्याला दिसू नये, पण स्वतःला वाकता यावं. पॉयझन ओकला हात लागू नये. मी नातीला विचारलं, “तुला डबा ठेवायचा असता तर कुठं गेली असतीस?” तिनं घळीच्या तोंडाशी पडलेल्या दगडांकडे बोट केलं.

तिथं तांबूस चर्टचे दगड होते, वर शेवाळासारखं दगडफूल. केशरी, पिवळट, राखाडी. हळदी-कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसं. हे दगडफूल फार सावकाश वाढतं, आणि उजेडाच्याच बाजूला. मी एकेक दगड बघत गेलो. सगळ्यांचे चेहरे रंगलेले. एकाचा चेहरा मातकट, कोरा. म्हणजे त्याची मातीतली बाजू वर आलेली. कुणीतरी तो उचलून परत ठेवला होता आणि ठेवताना पालथा ठेवला होता.

हे मला कुणी शिकवलेलं नाही, बांधांनी शिकवलं. शेजाऱ्यानं रात्रीतून हद्दीचा दगड सरकवला तर तो सकाळी अगदी शहाण्यासारखा उभा असतो, पण त्याची मातीखालची रेघ वर आलेली असते. जबाब घेताना मी त्या रेघेकडे बघत बसायचो. माणूस बोलायचा थांबायचा.

“तो उचल. आधी काठीनं हलव, मग हात घाल.” खाली साप नव्हता. बंदुकीच्या गोळ्या ठेवायची जुनी लष्करी पत्र्याची पेटी होती, हिरवी, झाकणाला रबर. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत वही, एक बोथट पेन्सिल, रबरी बेडूक, कुठल्या तरी देशाचं नाणं. नातीनं बेडूक घेतला आणि केसांतली पिन ठेवली. वहीत तिनं तारीख घालून आपलं टोपणनाव लिहिलं आणि मला पेन्सिल दिली. मी मराठीत पूर्ण सही केली, हुद्द्यासकट. हुद्दा लिहायची गरज नव्हती.

दुसरा डबा आणखी वर, एका खांद्यावर होता. संकेतस्थळावर लपवणाऱ्यानं इशारा दिला होता. तो उघड वाचता येऊ नये म्हणून इंग्रजी अक्षरं तेरा-तेरा घरं पुढं सरकवलेली. नातीनं बोटांवर मोजून अक्षरं लावली. अर्थ निघाला, ‘वाकावं लागेल’. मी पुन्हा माझी विद्या लावली. उभा राहिलो, वाकलो, दगडांचे चेहरे बघितले, मॅन्झनीटाचे बुंधे बघितले. तासभर. पाण्याची बाटली संपली. सावली नावाची गोष्ट त्या खांद्यावर नाही. जावई एका दगडावर बसून फोनवर ऑफिसचं काहीतरी करत होता, म्हणजे त्यानं हात टेकले होते.

मग नातीनं फोन काढला आणि काहीतरी टाइप करायला लागली. “काय करतेस?”

“डीएनएफ टाकतेय. डिड नॉट फाइंड.”

“सापडला नाही हेही लिहायचं असतं?”

“मग? नाहीतर ओनरला कळणार कसं?” दोघा-तिघांनी तसं लिहिलं की लपवणारा स्वतः येऊन बघतो, डबा हरवला असेल तर नवा ठेवतो, नाहीतर यादीतून काढतो. तिनं ते सहज सांगितलं आणि पाठवूनही दिलं. तोंड जरा उतरलेलं, एवढंच.

मी त्या खांद्यावर बसलो. खाली रव्याच्या रंगाच्या टेकड्या, त्यांच्यात वसाहतींची सारखी छपरं. मला दिसत होता तो दुसराच डोंगर.

नव्वदीतलं साल. दुष्काळी तालुका, गावाचं नाव घेत नाही. हद्द कायम करायची मोजणी. गट डोंगराच्या कडेला, आणि सगळी मापं जिथून निघतात तो दगड वर, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथं. घाणेरी, बोरी, हेंकळ, तरवड. पायजम्याच्या चिंध्या झाल्या. तीन दिवस शोधला. कोतवाल म्हणाला, बापाच्या काळी पाहिला होता, आता ध्यानात नाही. लगतधारकांपैकी एक म्हातारा रोज बरोबर यायचा, काही न बोलता तांब्याभर पाणी ठेवायचा. त्याची लिंबाची दोन मोठी झाडं हद्दीशी होती. मोजणीनं ती कुणीकडं जातात एवढंच त्याला बघायचं होतं.

अशा वेळी काय लिहायचं ते ठरलेलं असतं: सदर खूण जागेवर मिळून आली नाही. तसं लिहिलं की प्रकरण लांबतं. शेजारच्या गावांची टिपणं मागवा, पुन्हा नोटिसा, पुन्हा तारीख. आणि मार्चअखेर होती. वरून निरोप आला होता की एकही प्रकरण शिल्लक दिसता कामा नये. निरोपाचं सोडा. त्यावर सही मी केली, दुसऱ्या कुणी नाही. दुसऱ्या दोन खुणांवरून, नकाशावर पट्टी लावून, मी त्या दगडाची जागा काढली. उतारावर साखळी टाकताना ती आडवी, समपातळीत धरायला हवी. तिसऱ्या दिवशीच्या उन्हात मजुरांनी ती कशी धरली हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही. निघालेल्या जागी एक बऱ्यापैकी दगड रोवला आणि लिहिलं: खूण जागेवर मिळून आली. ‘नाही’ हा एक शब्द गाळला.

लिंबाची झाडं पलीकडच्याकडे गेली. म्हातारा काही बोलला नाही. शेवटच्या दिवशीही त्यानं पाणी ठेवलं.

सहा-सात वर्षांनी, मी दुसऱ्या तालुक्यात असताना, तोच कोतवाल बाजारात भेटला. हसत म्हणाला, “साहेब, तुमचा दगड गावला.” कुठला, म्हटलं. “खरा ओ. समपातळी चर खणताना निघाला. मातीखाली गेलता.” किती लांब? त्यानं अंदाजानं पावलं सांगितली. मी मनात हिशेब केला: साखळीचे दहा आणे. वीस फूट. झाडं म्हाताऱ्याचीच होती. म्हातारा तोवर गेला होता आणि झाडं त्याच्याआधी.

मी काय केलं? चहा पाजला कोतवालाला.

दुपारी गाडीरस्त्यानं माथ्यावर गेलो. तिथं १९३० च्या दशकात बांधलेली दगडी इमारत आहे. तिचा वालुकाश्मही याच डोंगराचा, त्यात समुद्रातल्या शिंपल्यांचे अवशेष दिसतात. आत छोटं संग्रहालय, आणि त्याच्या जमिनीतून डोंगराचा खराखुरा माथा वर आलेला, नुसता उघडा खडक. १८५१ साली लिअँडर रॅन्सम नावाच्या सर्व्हेअरनं या शिखरावर आरंभबिंदू धरला. इथून एक रेघ उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. त्यांवरून सहा-सहा मैलांचे चौकोन, प्रत्येकाचे छत्तीस भाग, एकेक ६४० एकरांचा. कॅलिफोर्नियाचा बराच मोठा भाग आणि अख्खं नेवाडा राज्य या एका खडकापासून मोजलं गेलं. त्यांची साखळी ६६ फुटांची, आमच्या बरोबर दुप्पट. कोपऱ्यांवर खुंट किंवा दगड रोवायचे आणि जवळची झाडं तासून साक्षीला धरायची. त्यांची दिशा आणि अंतर वहीत लिहायचं. आपल्याकडे इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीला हात घातला तो १८३५ साली. म्हणजे रॅन्सम या डोंगरावर चढला त्याआधी पंधराएक वर्षं आमच्या मुलखात साखळ्या खळखळत होत्या. एका लग्नाच्या निमित्तानं वर्ध्याकडे गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून हिंगणघाटला लॅम्बटनची कबर पाहिली होती. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा माणूस १८२३ साली मोजणीच्या कामावर असतानाच तिथं वारला. तेव्हा मी कबरीला हात लावला होता. इथं खडकाला लावला. गार होता.

“आबा, हापण कॅश आहे का?” नातीनं विचारलं. मी म्हटलं, हा न लपवलेला.

दोन दिवसांनी डाव्या मनगटावर फोड उठले. बटण लावलेल्या बाहीखाली. कुठं लागलं देव जाणे. मुलगी लोशन लावताना बडबडत होती, “बाबा, सांगितलं होतं ना?” मी गप्प.

डिसेंबरात परत आलो. जानेवारीत एका सकाळी नातीचा फोटो आला, भिजलेल्या हिरव्या डोंगरावरचा. पाऊस पडला की तिकडं थंडीत हिरवं होतं. लपवणाऱ्यानं जाऊन पाहिलं, डबा जागेवरच होता, इशाऱ्याचे शब्द जरा बदलले. ती बापाबरोबर गेली आणि तिला सापडला. ‘वाकावं लागेल’ म्हणजे वाकून वर बघावं लागेल, मॅन्झनीटाच्या फांदीच्या खालच्या अंगाला तारेनं बांधलेली बोटभर नळी. मी तासभर खाली बघत होतो. दुसऱ्या फोटोत नळीतली चिमुकली वही. तिच्या टोपणनावाशेजारी तिनं मोठ्या कष्टानं देवनागरीत लिहिलं होतं: आबा.

मी फोन लावला. “माझं नाव काढ.”

“का? तुम्ही पण शोधलं होतं ना!”

“शोधलं. सापडलं नाही. माझी नोंद आहे ती डीएनएफ. ती राहू दे.”

ती जरा हिरमुसली. पण पुढच्या रविवारी हट्टानं बापाला घेऊन पुन्हा चढली. मी तिला सांगितलं होतं, खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही. फोटो आला. ‘आबा’वर एक रेघ, जराशी वाकडी, आणि शेजारी तिची दोन अक्षरं, तारखेसकट.